लाईट घ्यायला एकट्या जाऊ नका : मराठवाड्यातल्या बायकांसाठी धागा

गोदाकाठ, गंगाखेड
28 सप्टेंबर, रात्री 9.50

स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, की घरच्यांना वाटतं सुटलो. भेटायला येणारे पाहुणे थांबतात, भाऊ आपल्या गावी जातो, नवऱ्याची रजा संपलेली असते. आणि नेमकी तेव्हाच लाईट सुरू होते, म्हणजे रेडिएशन. केमोला दोन-तीन आठवड्यांतून एकदा जायचं असतं, सोबत कोणी ना कोणी मिळतं. लाईटला सोमवार ते शुक्रवार रोज हजर व्हावं लागतं. रोज कोण येणार? म्हणून बाया एकट्या येतात. आणि अर्ध्यातून घरी निघून जातात त्या बहुतेक एकट्या आलेल्याच असतात. मशीनबाहेरच्या बाकावर बसून मी हे पाहिलं आहे आणि ते मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढतेय. ज्यांचं झालंय त्यांनी लिहा, ज्यांचं व्हायचंय त्यांनी विचारा. लाजायचं काहीच कारण नाही.

माझी डावी बाजू. उपचार गेल्या वर्षी संभाजीनगरला झाले. सुरुवात मार्किंगपासून होते. सीटी स्कॅनच्या टेबलावर दोन्ही हात डोक्याच्या वर घेऊन झोपवतात, छातीवर शाईनं रेघा ओढतात, दोन-तीन ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपके देतात. त्यानंतर काही दिवस बोलावणं येत नाही. आपल्याला विसरले असं समजू नका. किरणं कुठून द्यायची, फुप्फुस आणि हृदय कसं वाचवायचं, याचा हिशेब त्या दिवसांत चालू असतो.

प्रत्यक्ष लाईट घेताना दुखत नाही. खोली थंड असते, मशीनचा हात अंगाभोवती फिरतो, घरघर आवाज येतो, बाकीचे सगळे बाहेर जातात आणि जाड दार बंद होतं. बाहेरून कॅमेऱ्यात आपल्यावर लक्ष असतं आणि माईकवर बोलता येतं. काही मिनिटांचं काम. डाव्या बाजूवाल्यांना काही ठिकाणी खोल श्वास भरून धरायला सांगतात, कारण छाती फुगली की हृदय किरणांच्या वाटेतून मागं सरकतं. मला हे बाकावर बसलेल्या एका बाईनं आधीच सांगितलं होतं, म्हणून घरी घड्याळ लावून 20 सेकंद श्वास धरायचा सराव करून गेले.

भोकरदनकडच्या एका आजीनं कपड्याची युक्ती सांगितली. ब्लाऊज आणि ब्रा दोन्ही बाजूला ठेवायचे. नवऱ्याचं जुनं, धुऊन धुऊन विरलेलं सुती बनियन उलटं करून घालायचं, म्हणजे शिवण बाहेर राहते आणि काखेत घासत नाही. वरून सैल गाऊन किंवा कुडता. शाई कपड्याला लागते, त्यामुळं चांगले कपडे घालून जाऊ नका. ही एवढीशी गोष्ट, पण शेवटच्या आठवड्यात तिच्यामुळं मला झोप लागायची.

पळसफूल, जिंतूर
28 सप्टेंबर, रात्री 11.15

ताई, वाचता वाचता रडू आलं. माझं पुढच्या सोमवारी मार्किंग आहे. उजवी बाजू, पूर्ण काढलीय. मालक म्हणायलेत मी येतो, पण सोयाबीन काढणीला आलंय आणि मजूर मिळंना. जिंतूरहून रोज येणं-जाणं होण्यासारखं नाही. राहायचं कुठं? लाईटनं अंग भाजतं म्हणतात ते खरं का? आणि डॉक्टरला विचारायचं राहूनच जातं असं एक विचारते, तिथं मशीनवर पुरुष माणूस असतो का?

गोदाकाठ, गंगाखेड
29 सप्टेंबर, सकाळी 6.30

पळसफूल, बरं झालं विचारलंस. शाळेत जायच्या आधी लिहितेय.

पुरुष असू शकतात. बाई कर्मचारी असेल तर तीच हवी असं सांगायचा तुला पूर्ण हक्क आहे, नसेल तर नर्सला आत थांबवून घे. सोबत एक सुती पंचा किंवा ओढणी ठेव. टेबलावर झोपल्यावर जेवढी बाजू उघडी लागते तेवढीच उघडी ठेवतात, दुसरी झाकून घेता येते. पहिल्या दिवशी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. माझ्या पुढचा नंबर असलेली जालन्याची काकू बाहेर येऊन म्हणाली, "पोरी, तो पोरगा तुझ्याकडं बघत नसतो, रेघेकडं बघतो." त्या वाक्यावर मी पुढचे सगळे दिवस काढले.

राहण्याचं म्हणशील तर एकटीनं लॉज घेऊ नकोस. मार्किंगच्या दिवशी बाकावर बसलेल्यांना विचार, कोण कुठं राहतंय. आम्ही तिघी जणींनी मिळून हॉस्पिटलजवळ एक खोली घेतली होती, भाडं वाटून, गॅस आणि दोन पातेली एकीनं घरून आणलेली. मशीनवरच्या माणसाला विनंती केली, तर त्यानं तिघींच्या वेळा एकापाठोपाठ लावून दिल्या. एक आत, दुसरी बाहेर पिशव्या धरून, तिसरी औषधाच्या रांगेत. समाजसेवा अधीक्षकांचं टेबल असतं, त्यांनाही विचार, धर्मशाळेची सोय त्यांना माहीत असते. मुंबईला टाटाला जाणाऱ्यांसाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे.

पैशाचं : महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेडिएशन बसतं, कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला भेटायचं. मंजुरी आल्याशिवाय लाईट सुरू करत नाहीत, म्हणून हे मार्किंगच्या आधी उरकून घे. अडलं तर 155388 वर फोन कर. एसटीत 17 मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहेच. परभणी-नांदेडकडच्या कोणी रेल्वेनं जात असेल तर हॉस्पिटलकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्या, स्लीपरला पेशंटला पूर्ण माफी आणि सोबत्याला 75 टक्के सवलत मिळते.

भाजण्याबद्दल संध्याकाळी लिहिते.

मशीनरूम
29 सप्टेंबर, दुपारी 3.05

मी रेडिओथेरपी तंत्रज्ञ आहे. मराठवाड्यातच काम करतो, हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. ताई जे लिहितायत ते बरोबर आहे, थोडं माझ्या बाजूचं सांगतो.

रोज थोडं थोडं का देतात, हा प्रश्न प्रत्येक पेशंटच्या मनात असतो. किरणं पेशीतला डीएनए तोडतात, गाठीच्याही आणि आपल्या चांगल्या पेशींचाही. चांगली पेशी उद्यापर्यंत बरीचशी दुरुस्त होते. कॅन्सरच्या पेशीला ते नीट जमत नाही. म्हणून डोस वाटून देतात. आणि म्हणूनच मधे खंड पडला की नुकसान होतं, कारण उरलेल्या कॅन्सरच्या पेशींनाही वाढायला वेळ मिळतो. शनिवार-रविवारची सुट्टी त्या हिशेबात धरलेली असते. शेतातल्या कामाचा आठवडा धरलेला नसतो.

किती वेळा, ते डॉक्टर ठरवतात. पूर्वी बहुतेकांना 25 वेळा, म्हणजे 5 आठवडे, एकूण 50 ग्रे (ग्रे म्हणजे किरणांचा डोस मोजायचं माप). आता बऱ्याच जणींना 15 वेळांत 40 ग्रे देतात, 3 आठवड्यांत संपतं. स्तन ठेवून फक्त गाठ काढली असेल तर गाठीच्या जागेवर आणखी काही वेळा बूस्ट, म्हणजे जास्तीचा डोस, असू शकतो. ब्रिटनमध्ये झालेल्या आणि 2020 साली प्रसिद्ध झालेल्या फास्ट-फॉरवर्ड अभ्यासात 26 ग्रे 5 वेळांत देऊन पाहिले, पाच वर्षांनंतरचे निकाल 15 वेळांइतकेच चांगले निघाले. पण ते प्रत्येकीला लागू होत नाही. शेजारच्या बाईला 15 आणि मला 25 का, म्हणून घाबरू नका, गाठ किती मोठी होती, काखेतल्या गाठी किती, यावर ते ठरतं. घाबरू नका, पण डॉक्टरांना विचारा मात्र नक्की.

आणखी एक : मार्किंगच्या दिवशी ऑपरेशनच्या बाजूचा हात डोक्यावर गेला नाही तर आम्हाला काम थांबवावं लागतं. बाया सहा-सहा आठवडे हात छातीशी धरून बसतात, खांदा आखडतो.

उदगीरची_मावशी
29 सप्टेंबर, रात्री 8.20

हाताचं मी सांगते. मला बारा-तेरा वर्षं झाली आता, सत्तरीला आले.

भिंतीसमोर उभं राहायचं. बोटं भिंतीवर ठेवून हळूहळू वर चढवत न्यायची. ताण बसेल तिथं थांबायचं, तिथं पेन्सिलीनं रेघ मारायची. उद्या त्या रेघेच्या वर एक बोट. दिवसातून तीन-चार वेळा. माझ्या घरात त्या रेघा अजून आहेत, रंग दिला तेव्हा मुलाला म्हटलं एवढा तुकडा सोड. पळसफूल माय, तुझ्याकडं आठवडा आहे. आजच सुरू कर. दुखलं तर आधी गरम पाण्यानं अंघोळ करून मग कर. आणि त्या हातावर बीपी, सुई नको म्हणून सांगायचं, दुसरा हात पुढं करायचा.

सूनबाई, अंबड
30 सप्टेंबर, दुपारी 1.40

मी माझ्या सासूबाईंसाठी लिहितेय. त्यांची लाईट चालू आहे, दुसरा आठवडा. घरी आल्या की त्या स्वतःच वेगळ्या खोलीत बसतात. ताट वेगळं, तांब्या वेगळा. माझा दोन वर्षांचा मुलगा आजी आजी करत दारावर थापा मारतो आणि त्या आतून म्हणतात, नको रे बाबा, माझ्या अंगात लाईट आहे. गावातल्या कोणीतरी त्यांच्या डोक्यात हे भरलंय. मी सांगून ऐकत नाहीत. काय करू?

मशीनरूम
30 सप्टेंबर, दुपारी 2.10

ताई, बाहेरच्या मशीननं दिलेली लाईट अंगात राहत नाही. मशीन बंद झालं की किरणं संपली. तुमच्या सासूबाई टेबलावरून उठतात त्या क्षणापासून नातवाला मांडीवर घेऊ शकतात, त्याला त्यांच्या ताटातला घास देऊ शकतात. कॅन्सर स्पर्शानं, उष्ट्यानं, कपड्यानं पसरत नाही. उद्या त्यांच्यासोबत या आणि आमच्यापैकी कोणाकडूनही त्यांना समोरासमोर वदवून घ्या. आम्हाला पाच मिनिटं लागतील, पण पांढऱ्या कोटातल्या माणसानं सांगितलं की त्यांना पटेल.

उदगीरची_मावशी
30 सप्टेंबर, दुपारी 4.00

कोटवाल्यानं सांगून पटलं नाही तर मला फोन लावून दे. माझी नात दीड वर्षाची होती तेव्हा. मी तिला रोज कडेवर घेत होते, दुसऱ्या बाजूच्या. आज ती नववीला आहे, ठणठणीत. हे त्यांना माझ्याकडून ऐकू दे.

पळसफूल, जिंतूर
7 ऑक्टोबर, रात्री 8.45

मार्किंग झालं. हात वर गेला मावशी, रेघ दाराच्या चौकटीपर्यंत नेली होती. तिथं बाकावर मंठ्याची एक बाई भेटली, तिचीही उजवीच बाजू. दोघी मिळून खोली बघितली. मालक पहिले चार दिवस राहतील, मग सोयाबीनला जातील.

आडवाट, पैठण
8 ऑक्टोबर, सकाळी 10.30

माझ्या आत्यानं लाईटच्या वेळी हळद आणि कोरफडीचा लेप लावला होता, तिला फार त्रास झाला नाही. घरगुती उपाय आहेत, नुकसान तर काही नाही. करून बघायला हरकत नसावी.

गोदाकाठ, गंगाखेड
8 ऑक्टोबर, रात्री 9.15

आडवाट, तुम्ही काळजीनं लिहिलंय हे कळतं. तरी मी नको म्हणेन. हळदीचा लेप वाळला की कातडीला ताणतो, काढताना चोळावं लागतं, आणि चोळणं हीच तर मनाई आहे. शिवाय मार्किंगच्या रेघा पुसतात. कोरफड काहींना सोसते, काहींना खाज सुटते, म्हणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय लावू नये. लाईटला जाण्याआधी त्या जागेवर तेल, पावडर, क्रीम, अत्तर काहीच नको. कोमट पाणी आणि सौम्य साबण चालतो, पुसताना फक्त टिपून घ्यायचं. काखेतले केस रेझरनं काढू नका. ऊन त्या जागेवर पडू देऊ नका. चाटणं, काढे, ताकदीच्या गोळ्या घरात कोणी देत असेल तर त्यांची नावं डॉक्टरांना सांगा, काही त्या काळात बंद ठेवायच्या असतात.

भाजण्याचं मी लिहायचं राहिलंच होतं. पहिला आठवडा काहीच दिसत नाही, त्यामुळं बाई निर्धास्त होते. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कातडी लाल होते, मग काळवंडते, चैत्रातल्या उन्हात दिवसभर राबल्यासारखी. कोरडे पापुद्रे निघतात. काखेत आणि घडीत ओली सुटू शकते. ओली दिसली की त्याच दिवशी दाखवायचं, मलम आणि न चिकटणारी पट्टी देतात. आणि हे पाठ करून ठेवा : त्रास सगळ्यात जास्त होतो तो लाईट संपल्यानंतरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा आपण घरी असतो, विचारायला कोणी नसतं, आणि वाटतं काहीतरी बिघडलं. बिघडलेलं नसतं. नंतर ते भरून येतं. माझ्याबरोबरच्या दोघींना मी त्या दिवसांत रोज रात्री फोन करायचे, त्याही मला करायच्या. फोटो पाठवायचो एकमेकींना. घरात कोणाला दाखवता येत नाही ते तिघींनी एकमेकींना दाखवलं.

डोक्यावरचे केस या लाईटनं जात नाहीत. केमोनंतर उगवत असतील तर उगवू द्या.

आशाताई, धारूर
10 ऑक्टोबर, सकाळी 7.20

ताई, मी गावातली आशा कार्यकर्ती आहे. माझ्या गावातल्या एका बाईसाठी विचारते. वय पस्तीसच्या आसपास. ऑपरेशन झालं, केमो झाली, डॉक्टरांनी लाईट लिहून दिलीय. दोघं नवरा-बायको ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून जोडीची उचल घेतलीय आणि ती ऑपरेशनच्या वेळीच खर्चून गेलीय. टोळी आता निघणार. ती मला म्हणाली, आशाबाई, गाठ तर काढून टाकली, आता लाईट पुढच्या वर्षी घेते. मी तिला काय सांगू? लाईट लांबली तर चालतं का?

मशीनरूम
10 ऑक्टोबर, सकाळी 9.00

पुढच्या वर्षी नाही चालत, ताई. केमो संपल्यावर साधारण 3 ते 6 आठवड्यांत लाईट सुरू करायची असते. डोळ्यांना दिसणारी गाठ काढली, तरी छातीच्या भिंतीत आणि काखेत न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात, लाईट त्यांच्यासाठी आहे. हंगाम संपवून ती पाच-सहा महिन्यांनी आली तर आम्ही तिला परत पाठवणार नाही, पण तोवर आजार परत आलेला असण्याची भीती फार मोठी आहे. तिच्या डॉक्टरांना किती वेळा द्यायचंय ते विचारा. 15 वेळा असेल तर 3 आठवडे लागतील. नवऱ्याला हा आकडा सांगा. त्यांच्या डोक्यात सहा महिने असतात.

उदगीरची_मावशी
10 ऑक्टोबर, सकाळी 11.30

माय, तिला ओरडू नकोस. उचलीचं ओझं तिच्या मानेवर आहे, तिला मरायची हौस नाही.

मी असं करीन. डॉक्टरकडून सही-शिक्क्याचं पत्र घे, की उपचार चालू आहेत, जड काम करता येणार नाही. ते घेऊन तू, सरपंच आणि गावातली एखादी वयस्क बाई मुकादमाला भेटा. नवऱ्यानं अर्धा कोयता, म्हणजे जोडीऐवजी एकटा मजूर, म्हणून जावं किंवा तीन आठवडे मागून जावं, हे बोलून ठरवा. मुकादमही त्याच गावचा असतो, चारचौघांत विचारलं की सहसा नाही म्हणत नाही. आणि ती एकटी कुठं राहणार, हा तिचा खरा प्रश्न असेल, तो तू विचारलेला नसशील. तिला लाईट कुठं लागणार? धारूरहून बार्शीचं नर्गिस दत्त हॉस्पिटलही आहे, लातूरही आहे, संभाजीनगरलाच पाहिजे असं नाही. योजनेत कुठं लवकर नंबर लागतो ते बघ. लातूरला लागला तर माझं घर उदगीरला आहे, माझ्या बहिणीचं लातूरला आहे. बहिणीकडं तिनं राहावं. मी बोलते बहिणीशी.

आशाताई, धारूर
10 ऑक्टोबर, दुपारी 12.05

मावशी, तुम्ही तिला ओळखत पण नाही.

उदगीरची_मावशी
10 ऑक्टोबर, दुपारी 12.20

मलाही अशाच एका अनोळखी बाईनं ठेवून घेतलं होतं. तू पत्राचं बघ आधी.

माजलगावकर
12 ऑक्टोबर, रात्री 10.40

पुरुषानं इथं लिहावं की नाही माहीत नाही. माझ्या पत्नीची लाईट चालू आहे. ती संध्याकाळी आडवी पडते ती उठतच नाही. जेवत नाही, बोलत नाही. मी विचारलं की काही नाही म्हणते. तिची जखम मी अजून पाहिलेली नाही, ती दाखवत नाही आणि मीही मागं लागलो नाही. मी काय करायला पाहिजे?

गोदाकाठ, गंगाखेड
12 ऑक्टोबर, रात्री 11.10

दादा, लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

हा थकवा खरा असतो. तो झोपून जात नाही. लाईटच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तो येतो आणि संपल्यावरही काही आठवडे राहतो. एकदा रक्त तपासून हिमोग्लोबिन बघून घ्या. अंगातला जोर शाबूत असतो तेव्हा, म्हणजे सकाळी, तिला घेऊन घराभोवती दहा-पंधरा मिनिटं चालून या. ऐकायला उलटं वाटतं, पण रोज थोडं चालणाऱ्या बाईचा थकवा कमी होतो. एका वेळी भरपूर नको, दर दोन तासांनी थोडं थोडं खाऊ द्या. मुगाची खिचडी, अंडं, दही, शेंगदाण्याची चटणी कमी तिखटाची. मानेच्या बाजूलाही लाईट असेल तर गिळताना टोचतं, तेव्हा ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून.

जखमेचं तिला विचारू नका. तिला सांगा, की तुला वाटेल तेव्हा मलम मी लावून देईन. एकदाच सांगा आणि सोडून द्या. माझ्या नवऱ्यानं एवढंच म्हटलं होतं. पाठीमागं काखेच्या बाजूला आपला हात पोचत नाही, त्यामुळं एक दिवस तशी गरज येतेच. आणि तिला हा धागा वाचायला द्या, किंवा तिच्या बाकावरच्या कोणाशी तिची ओळख आहे का ते विचारा. काही गोष्टी ती तुम्हाला सांगणार नाही, तुमच्यावर जीव आहे म्हणूनच सांगणार नाही. तिथं बाईलाच बाई लागते.

यावरून आठवलं म्हणून लिहिते. 1952 साली न्यूयॉर्कमध्ये टेरीझ लॅसर नावाच्या एका बाईनं, स्वतःचं स्तनाचं ऑपरेशन झाल्यावर, हॉस्पिटलात जाऊन नव्या पेशंट बायकांना भेटायला सुरुवात केली. पुढं तिचं हे काम जगभर पसरलं. ती डॉक्टर नव्हती. ज्या खाटेवरून ती उठली होती त्या खाटेवर आता दुसरी आहे, एवढंच तिला माहीत होतं.

पळसफूल, जिंतूर
23 ऑक्टोबर, सायंकाळी 7.30

ताई, मला घरी जायचंय. काखेत कातडी सुटलीय, पाणी येतंय. हात खाली ठेवता येईना. मंठ्यावाली परवा गेली, तिचं संपलं. खोलीत एकटीच आहे. पोरगा फोनवर म्हणतो, आई दिवाळीला ये. मालक म्हणतात, डॉक्टरला विचार आणि आठवडाभर ये, मग जा परत. माझे थोडेच राहिलेत. एवढ्यानं काय फरक पडतो?

गोदाकाठ, गंगाखेड
23 ऑक्टोबर, सायंकाळी 7.36

निघू नकोस. मी फोन लावतेय, उचल.

मशीनरूम
23 ऑक्टोबर, रात्री 8.10

पळसफूल ताई, शेवटचे डोस पहिल्या डोसाइतकेच महत्त्वाचे असतात. उद्या सकाळी मशीनवर जायच्या आधी ओपीडीत काख दाखवा. डॉक्टर मलमपट्टी लिहून देतील. फारच जास्त असेल तर ते स्वतः एक-दोन दिवस थांबवतील आणि ते दिवस पुढं जोडतील. तो निर्णय त्यांचा. तुम्ही आपल्या मनानं निघून गेलात तर हिशेब कोणाकडंच राहत नाही.

सूनबाई, अंबड
23 ऑक्टोबर, रात्री 8.25

पळसफूल ताई, माझ्या सासूबाईंचं गेल्या आठवड्यात संपलं. काखेचं त्यांचंही असंच होतं. उशी काखेखाली घेऊन, हात त्या उशीवर लांब ठेवून झोपा, कातडीला कातडी लागत नाही. आणि ऐका, त्या म्हणतायत की मी उद्या तिच्याकडं जाते. खरंच निघाल्यात, पिशवी भरतायत. नातू मागं लागलाय, मला पण ने. खोलीचा पत्ता मेसेजमध्ये पाठवा.

पळसफूल, जिंतूर
25 ऑक्टोबर, रात्री 9.00

काकू आल्यात. पट्टी केली डॉक्टरांनी, आग कमी आहे. काल आणि आज दोन्ही दिवस लाईट झाली. काकूंनी येताना लापशी आणली आणि त्यांची स्वतःची काळवंडलेली बाजू मला दाखवली, नवीन कातडी कशी येतीय ते. मला तेच बघायचं होतं. पोराला फोनवर सांगितलं, दिवाळी आपण उशिरा करू.

आशाताई, धारूर
16 नोव्हेंबर, दुपारी 2.15

आमच्या बाईचं लातूरला संपलं. मावशींच्या बहिणीकडंच राहिली. नवरा तिला तिथं पोचवून मागच्या टोळीबरोबर गेला, मुकादमानं अर्धा कोयता धरला, उरलेली उचल पुढच्या हंगामात वळती करायची ठरली. सगळं गोड झालं असं नाही, कर्ज आहेच. पण लाईट पूर्ण झाली.

आता ती विचारतीय, काम कधी करू? गावात कापूस वेचणी चालू आहे. मोळी उचलायची नाही हे तिला पटलंय, पण वेचणीला जायचं म्हणती.

उदगीरची_मावशी
16 नोव्हेंबर, सायंकाळी 5.50

कातडी पूर्ण भरून येईपर्यंत नाही, उन्हात तर नाहीच. नंतर डॉक्टरांना विचारून अर्ध्या दिवसापासून सुरुवात. वेचलेला कापूस टाकायच्या ओटीचा पट्टा त्या खांद्यावर नको. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि हातमोजे घालू दे, कापसाच्या बोंडाचं टोक लागलं तरी त्या हाताला जखम परवडत नाही, कारण काखेतल्या गाठी काढल्यामुळं तिथलं पाणी नीट वाहून जात नाही. लागलंच तर लगेच साबणानं धुवायचं. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. कोरडा खोकला किंवा धाप लागायला लागली, दोन-चार महिन्यांनी का असेना, तरी लाईट झालेली आहे हे सांगून दाखवायचं.

आणि सुजेवर लक्ष. त्या हातातल्या बांगड्या घट्ट वाटायला लागल्या, की तीच पहिली खूण. तिला सांग, दर महिन्याला शिंप्याच्या टेपनं दोन्ही हात मोजायचे, कोपराच्या वर चार बोटं आणि खाली चार बोटं, आणि वहीत लिहून ठेवायचं. तिला लिहिता येत नसेल तर तू लिही. दोन हातांत 2 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक दिसला की फिजिओथेरपिस्टकडं न्यायचं, सुरुवातीला सूज आवरता येते, जुनी झाली की अवघड जातं.